डिस्चार्ज बुकानंतरची पदवी: जवानांनी पदव्युत्तर शिक्षणातून नवं काम कसं गाठावं

सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यातल्या कुठल्याही कॉलेजात प्रवेशाच्या दिवसांत जाऊन उभे राहा, हा प्रसंग बघायला मिळेल. खिडकीसमोर अडतीस-चाळीस वर्षांचा माणूस ताठ उभा आहे. केस अजून फौजी कापाचे, हातात प्लास्टिकची फाइल.

"एम.ए.चा फॉर्म भरायचाय."

"पदवी कुठल्या विद्यापीठाची, दादा?"

तो फाइलमधून जपून ठेवलेला, लॅमिनेट केलेला कागद काढतो. त्यावर सैन्याचा शिक्का आणि वर 'ग्रॅज्युएशन सर्टिफिकेट' असं लिहिलेलं. क्लार्क कागद उलटून पाहतो, आतल्या साहेबांना दाखवून आणतो आणि परत देतो. "हे चालत नाही. विद्यापीठाची पदवी लागते."

सतरा वर्षं नोकरी करून आलेल्या माणसाला हे वाक्य किती लागतं ते मी जवळून पाहिलं आहे. म्हणून या लेखाची सुरुवात तिथूनच करतो. मी इन्फंट्रीत क्लार्क होतो, हवालदार म्हणून सदतिसाव्या वर्षी पेन्शनीला आलो, नंतर दोन वर्षं रोज कॉलेजात बसून एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, केली आणि आज एमआयडीसीत कामगार कल्याणाचं काम करतो. गावाकडची मुलं सुट्टीवर आली की विचारायला येतात. त्यांना जे सांगतो तेच इथे सविस्तर लिहितो आहे.

त्या सर्टिफिकेटचं खरं वजन

सरकारचा नियम असा आहे: दहावी उत्तीर्ण आणि किमान १५ वर्षं सेवा झालेल्या माजी सैनिकाला, ज्या गट-क पदांसाठी पदवी मागितली जाते त्यांतल्या बिगर-तांत्रिक पदांकरता पात्र धरायचं. सर्टिफिकेट त्यासाठी आहे. बँकेतली क्लार्कची जागा, सरकारी कार्यालयातली लिपिकाची जागा, इथे त्याची किंमत मोठी आहे, जपून ठेवा. पण ती नोकरीपुरती दिलेली समकक्षता आहे. ते दाखवून एम.ए., एमबीए, एलएल.बी., बी.एड. यांपैकी कशालाही प्रवेश मिळत नाही. पदव्युत्तर शिक्षणाच्या वाटेवर पहिली पायरी खरी पदवी आहे आणि ती अंगावर वर्दी असतानाच मिळवायची असते.

अमेरिकेत १९४४ पासून जीआय बिल आहे. तिथला सैनिक बाहेर पडला की त्याच्या विद्यापीठाच्या शिक्षणाचा खर्च सरकार उचलतं. आपल्याकडे तसा कायदा नाही. ज्या योजना आहेत त्यांतल्या बहुतेक मुलांसाठी आणि वीरपत्नींसाठी आहेत. तेव्हा आपल्या शिक्षणाची आखणी आपल्यालाच करावी लागते, आणि ती उशिरा सुरू केली की घरावर ताण येतो.

आधी काम ठरवा, मग कोर्स

बहुतेक जण उलटं करतात. कुणीतरी सांगतं, "एमबीए कर, पगार चांगला मिळतो," आणि माणूस पैसे भरून मोकळा होतो. तुम्ही एक कागद घ्या आणि तीन गोष्टी लिहा. कुठल्या गावात राहायचं आहे? पंचावन्नाव्या वर्षी काय करत असायला आवडेल? आणि फौजेत प्रत्यक्ष हातून काय काय झालं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'देशसेवा' असं एका शब्दात लिहू नका. स्टोअरकीपर असाल तर किती रकमेचं सामान हाताळलं, एमटीत, म्हणजे वाहन विभागात, हवालदार असाल तर किती गाड्या आणि किती ड्रायव्हर तुमच्या हाताखाली होते, तसं लिहा. नंतर बायोडाटाला हाच कागद कामी येतो.

आता वाटा एकेक करून. कायद्यापासून सुरू करतो, कारण आपल्या लोकांना ती सगळ्यात जास्त जुळते असं माझं मत आहे आणि तिच्यात खड्डेही तितकेच आहेत.

तीन वर्षांचं एलएल.बी. पदवीनंतर करतात. महाराष्ट्रात त्यासाठी राज्याच्या सीईटी कक्षाची परीक्षा द्यावी लागते. पदवीला खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना सवलत आहे. चाळिशीत प्रवेश घेता येतो. पण बार कौन्सिलच्या नियमातली एक ओळ लक्षात ठेवा: बारावी न करता थेट मुक्त विद्यापीठातून घेतलेली पदवी कायद्याच्या प्रवेशाला चालत नाही. आपल्यातले बरेच जण दहावीवर भरती झाले आणि पूर्वी 'प्रिपरेटरी' करून थेट बी.ए.ला बसले. त्यांची पदवी इतर ठिकाणी चालेलही, कायद्याला अडते. म्हणून बारावी राहिली असेल तर एनआयओएसमधून, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, आधी ती करा, मग पदवी घ्या. क्रम चुकवू नका. कायद्याचं शिक्षण दूरस्थ पद्धतीने होत नाही, वर्गात हजेरी भरावीच लागते. पदवी झाली की बार कौन्सिलकडे नोंदणी करून सनद घ्यायची आणि अखिल भारतीय बार परीक्षा पास व्हायची. नोंदणीला पूर्वी बार कौन्सिल भरमसाट पैसे घेत असत. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये कायद्यात लिहिलेल्या शुल्काच्या पलीकडे एक रुपयाही घेऊ नका असं बजावलं, आणि खुल्या प्रवर्गासाठी ते शुल्क ७५० रुपये आहे. सनद घेऊन वकिली करत असताना पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. पेन्शन मात्र पगार नव्हे. बँकेत लागलेल्या माणसाला वकिली करता येत नाही, नुसत्या पेन्शनवर असलेल्याला येते. २००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण स्थापन झालं, त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे. अपंगत्व पेन्शन, पदोन्नती, पेन्शनमधली तफावत यांचे दावे तिथे चालतात. मेडिकल बोर्डाचा कागद वाचता येणारा, शीट रोल, म्हणजे सेवेच्या नोंदींचा कागद, समजणारा वकील आपल्या माणसाला किती हवा असतो हे वेगळं सांगायला नको.

माझी वाट एमएसडब्ल्यूची. कुठल्याही शाखेची पदवी चालते, दोन वर्षं लागतात आणि आठवड्यातले काही दिवस क्षेत्रकार्य असतं. कारखान्यात कामगार कल्याण, रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक, कंपन्यांच्या सीएसआरची, म्हणजे सामाजिक जबाबदारीची, कामं, संस्थांचे प्रकल्प, असे रस्ते निघतात. कंपनीत शंभर माणसांचे सुट्ट्यांचे, घरगुती अडचणींचे, भांडणांचे अर्ज हाताळलेल्या माणसाला हे काम परकं वाटत नाही. सुरुवातीचा पगार मात्र कमी असतो. पेन्शन पाठीशी आहे म्हणून तो परवडतो, हे प्रामाणिकपणे सांगतो.

एमबीए करायचं तर आधी विषय पक्का करा. स्टोअर, सप्लाय, एमटी यांतून आलेल्यांना ऑपरेशन्स आणि सप्लाय चेन, नर्सिंग असिस्टंटला हॉस्पिटल मॅनेजमेंट, क्लार्कला एचआर. नुसतं 'जनरल एमबीए' घेऊन चाळिशीत कुणी विचारत नाही. सिग्नल्सवाल्यांना एमसीए किंवा एम.एस्सी. आयटी आकर्षक वाटतं, त्यांनी बारावीला किंवा पदवीला गणित होतं का ते आधी पाहावं. विज्ञान पदवी असलेल्यांनी औद्योगिक सुरक्षेचा अ‍ॅडव्हान्स्ड डिप्लोमाही डोक्यात ठेवावा. ती पदव्युत्तर पदवी नाही, पण एमआयडीसीत त्याला थेट मागणी आहे.

शिक्षक किंवा प्राध्यापक व्हायचं असेल तर जरा थांबून विचार करा. एम.ए.ला ५५ टक्के मिळवून नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा देता येते, सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेला वयाची वरची मर्यादा नाही. पण महाराष्ट्रात कायमच्या जागा निघायला वर्षानुवर्षं लागतात आणि तोवर तासिका तत्त्वावर जे मिळतं त्यावर घर चालत नाही. ज्याला शिकवण्याची मनापासून ओढ आहे त्यानेच जावं. त्याला मात्र जरूर जावं असं सांगेन.

डिस्चार्जच्या तारखेपासून उलटं मोजा

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. घरी येऊन विचार सुरू केला की किमान तीन वर्षं पदवीत जातात, पुढची दोन-तीन पदव्युत्तर शिक्षणात, आणि माणूस पंचेचाळिशीला टेकतो. तेवढ्यात मुलगी बारावीला येते आणि आपलं शिक्षण मागे पडतं.

समजा तुमची सेवा अजून पाच वर्षं आहे. बारावी नसेल तर पहिलं वर्ष एनआयओएसला द्या. त्यानंतर लगेच इग्नूची, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची, पदवी सुरू करा. इग्नूचे प्रवेश जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत होतात, सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये. तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत पुरी करता येते. परीक्षा अर्ज भरताना दर वेळी केंद्र बदलता येतं, आणि बदलीच्या नोकरीत याचं मोल फार आहे. मी पहिल्या वर्षाची परीक्षा जम्मूला दिली आणि शेवटची पुण्याला. मधली एक डिसेंबरची परीक्षा फील्डमध्ये अडकल्यामुळे बुडाली, ती जूनमध्ये दिली. असाइनमेंट मी रात्री लंगर आवरल्यावर स्टोअरच्या बल्बखाली लिहीत असे. हाताला बर्फाने भेगा पडल्या होत्या, एका पानावर त्याचे डाग आहेत. ते पान अजून माझ्याकडे आहे.

नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, मराठीतून शिकता येतं, गावाजवळ अभ्यासकेंद्र मिळतं. घरी आलेल्या माणसाला ते उत्तम. पण तुम्ही अजून सीमेवर असाल तर देशभर केंद्रं असलेलं इग्नू सोयीचं पडतं.

शेवटच्या वर्षात प्रवेश परीक्षेची तयारी. महाराष्ट्रातल्या एमबीए, एलएल.बी., बी.एड. यांच्या सीईटीचे अर्ज साधारण नव्या वर्षाच्या आसपास सुरू होतात, परीक्षा मार्चपासून पुढे होतात. म्हणजे मे-जूनमध्ये घरी येणारा माणूस सुट्टी घेऊन परीक्षा देऊ शकतो आणि आल्या आल्या प्रवेश घेऊ शकतो. डिस्चार्ज ऑक्टोबरात असेल तर शैक्षणिक वर्ष हातचं जातं. ते महिने वाया न घालवता पुनर्वसन महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीआरचा, एखादा कोर्स तेव्हा बसवा. जवान आणि जेसीओंना (सुभेदार वगैरे कनिष्ठ अधिकाऱ्यांना) या कोर्सची फी भरावी लागत नाही. यादी युनिटमधून किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून मिळते, आणि नाव आधीच द्यावं लागतं. डीजीआरचा कोर्स प्रमाणपत्राचा असतो, पदवीचा नसतो, हा फरक मनात स्वच्छ ठेवा. पण पुढे ज्या विषयात पदवी घ्यायची त्याच विषयाचा कोर्स निवडला तर सहा महिने ओळख करून घेण्यात कामी येतात.

कागदपत्रांची लढाई

प्रवेश अडतो तो बहुतेक वेळा कागदांवर. गुणांमुळे अडल्याची उदाहरणं मी फार थोडी पाहिली.

सगळ्यात मोठी अडचण नावाची. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर आडनाव, नाव, वडिलांचं नाव असा क्रम. फौजेत भरती करताना लिहिणाऱ्याने ऐकलं तसं लिहिलं. वडिलांचं नाव गळालं, 'पाटील'चं इंग्रजी स्पेलिंग वेगळं झालं, कुणाच्या जन्मतारखेत महिना बदलला. सतरा वर्षं कुणाचं काही अडलं नाही. आता विद्यापीठ दहावीचं प्रमाणपत्र, आधार, डिस्चार्ज बुक (सेवेतून बाहेर पडताना मिळणारं नोंदपुस्तक) आणि पदवी शेजारी ठेवून पाहतं. मुक्त आणि ऑनलाइन शिक्षणाला २०२४ पासून यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा, डीईबी आयडी लागतो, तो अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या आयडीवर उभा असतो आणि तो आधारवर. एक अक्षर इकडचं तिकडे झालं की साखळी तुटते. म्हणून सेवेत असतानाच ऑफिसात जाऊन आपली नोंद तपासा आणि चुकीची असेल तर पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सेवा-नोंदीत बदल करणारा युनिटचा आदेश, काढून दुरुस्त करून घ्या. क्लार्क म्हणून सांगतो, सेवेत असताना हे काम काही आठवड्यांचं असतं. घरी आल्यावर रेकॉर्ड ऑफिसला पत्रं लिहीत बसायचं म्हणजे महिनोन्‌महिने जातात.

दुसरं, सेवेत असताना कुठलाही बाहेरचा कोर्स करायचा तर युनिटची परवानगी घ्या आणि पास झाल्यावर तीही शैक्षणिक पात्रता पार्ट टू ऑर्डरने चढवून घ्या. मग ती तुमच्या रेकॉर्डवर येते आणि डिस्चार्ज बुकात दिसते. न चढवलेली पदवी पुढे प्रत्येक खिडकीवर समजावून सांगावी लागते.

तिसरं, गॅप. पदवी आणि नव्या प्रवेशात काही वर्षांचं अंतर असेल तर कॉलेज शपथपत्र मागतं. तहसीलच्या आवारात ते करून मिळतं, सोबत डिस्चार्ज बुकाची प्रत जोडायची. अधिवास दाखलाही आधी काढून ठेवा. सतरा वर्षं महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या माणसाकडे तो बहुधा नसतोच, आणि प्रवेश फेरीच्या दिवसांत सेतू केंद्रावर रांगा लागतात. राखीव प्रवर्गातून अर्ज करणार असाल तर जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमीलेअर यांचं काम वर्षभर आधी हाती घ्या. इग्नूची पदवी असेल तर मायग्रेशन सर्टिफिकेट वेगळा अर्ज करून मागवावं लागतं, आपोआप घरी येत नाही.

सगळ्या मूळ कागदांच्या रंगीत स्कॅन प्रती फोनमध्ये आणि ईमेलमध्ये ठेवा. मूळ कागद लॅमिनेट करू नका. पडताळणीत शिक्का हाताला लागत नाही म्हणून लॅमिनेट केलेला कागद नाकारल्याचं मी पाहिलं आहे.

मुक्त विद्यापीठ की रोजचं कॉलेज

यूजीसीने २०२२ मध्ये स्पष्ट केलं की मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरायची. कागदावर दोन्ही सारख्या. तरीही पूर्ण नवं क्षेत्र धरायचं असेल तर दोन वर्षं रोजच्या कॉलेजात जा, असा माझा आग्रह आहे. दूरस्थ पदवीला कॅम्पस मुलाखती नसतात, क्षेत्रकार्य नसतं, वर्गमित्र नसतात. आपण सतरा वर्षं वेगळ्या जगात होतो. बाहेरच्या ऑफिसात माणसं कशी बोलतात, ईमेल कसा लिहितात, बैठकीत वरिष्ठाला विरोध कसा करतात, हे पुस्तकातून येत नाही. ज्याला आधीच नोकरी लागली आहे आणि बढतीसाठी पदवी हवी आहे, त्याने मुक्त विद्यापीठाचं एमबीए किंवा एम.ए. आनंदाने करावं.

एका गोष्टीपासून सांभाळा. पेन्शनीला आल्यावर काही महिन्यांतच फोन येऊ लागतात: "सर, एका वर्षात डिग्री, परीक्षा घरून, मागच्या तारखेची मार्कशीट." माझ्या पलटणीतल्या एका नायकाने असे पैसे भरले. कागद सुंदर छापलेला होता, होलोग्राम लावलेला. नोकरीच्या पडताळणीत तो विद्यापीठाच्या नोंदीतच सापडला नाही आणि लागलेली नोकरी गेली. पैसे भरण्याआधी यूजीसीच्या डीईबी संकेतस्थळावर ते विद्यापीठ, तो कोर्स आणि ते शैक्षणिक वर्ष अशा तिन्ही गोष्टी मान्यतेच्या यादीत आहेत का ते स्वतः पाहा. बोगस विद्यापीठांची यादीही यूजीसी काढतं. फी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून भरा, एजंटच्या खात्यात कधीही टाकू नका.

पैसा

पेन्शनीला येताना एकदम मोठी रक्कम हातात येते. ग्रॅच्युइटी, फंड, विम्याचे पैसे, साठलेल्या रजेचे पैसे आणि पेन्शन विकून मिळालेले, म्हणजे कम्यूटेशनचे. सैन्यात ५० टक्क्यांपर्यंत पेन्शन विकता येते, ती १५ वर्षांनी पूर्ववत होते. तोवर दरमहा हातात कमी येतं. रक्कम खात्यात दिसली की घर बांधायचं निघतं, मेव्हण्याला गाडीसाठी हवे असतात, भावकीत लग्न असतं. कुणाला नाही म्हणणं जड जातं हे मला माहीत आहे.

म्हणून आधी हिशेब करा. समजा घराचा महिन्याचा खर्च ३२,००० रुपये आहे आणि कम्यूटेशननंतर पेन्शन २२,००० हातात येते. दरमहा १०,००० कमी पडतात. दोन वर्षांचे २,४०,००० होतात. त्यात कॉलेजची फी, जाण्यायेण्याचा खर्च, पुस्तकं, एक बरा लॅपटॉप मिळवा. जो आकडा येईल तो घर बांधायला काढण्याआधी वेगळ्या मुदत ठेवीत ठेवा आणि तो अभ्यासाचा पैसा आहे असं घरात सगळ्यांसमोर सांगा. मी बायकोच्या नावावर ठेवला होता. तिने तो एकदाही कुणाला दिला नाही, माझ्या आईलाही नाही.

फी जास्त असेल तर शैक्षणिक कर्ज स्वतःच्या शिक्षणासाठीही मिळतं, आणि जुन्या कर पद्धतीत त्याच्या व्याजावर वजावट मिळते. कॅप फेरीतून, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, प्रवेश घेतलात तर महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या योजनांत आपण बसतो का ते पाहा. पंतप्रधान शिष्यवृत्ती योजनेबद्दल पुष्कळ गैरसमज आहे. ती माजी सैनिकांच्या मुलांसाठी आणि विधवांसाठी आहे, मुलांना महिना २,५०० आणि मुलींना ३,००० रुपये. तुमच्या स्वतःच्या शिक्षणाला ती मिळत नाही, पण मुलगी व्यावसायिक पदवीला असेल तर तिचा अर्ज चुकवू नका. तेवढाच घरावरचा भार हलका होतो.

आरक्षणाची नोकरी आधी की शिक्षण

महाराष्ट्र शासनाच्या गट-क आणि गट-ड पदांत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे, वयाची सवलतही चांगली आहे. कुणी विचारतं, मग दोन वर्षं कॉलेजात कशाला घालवायची? माझं उत्तर घर पाहून बदलतं. कर्ज असेल, मुलं मोठी असतील, तर नोकरी घ्या आणि मुक्त विद्यापीठातून पुढे शिका. पण लक्षात असू द्या, आरक्षणातून एकदा सरकारी नोकरीत रुजू झालात की पुढच्या पदासाठी तोच लाभ सहसा परत मिळत नाही. त्यामुळे पहिली मिळेल ती जागा पकडण्याआधी, पदवीच्या बळावर त्याहून वरची जागा मिळते का हे तोलून पाहा.

अग्निवीर आणि अधिकारी यांच्यासाठी थोडक्यात

अग्निवीरांची गोष्ट वेगळी आहे. चार वर्षांनी बाहेर पडताना पेन्शन नाही, पण सेवा निधीचे सुमारे ११.७१ लाख रुपये हातात आणि वय बावीस ते पंचवीसच्या आसपास. इग्नूने त्यांच्यासाठी तीन वर्षांची पदवी आखली आहे, तिच्यात निम्मे श्रेयांक सैन्यातल्या प्रशिक्षणाचे धरले जातात. ती चार वर्षांत पूर्ण करून बाहेर पडलात तर वर्गातल्या इतर मुलांपेक्षा फार तर दोन-तीन वर्षांनी मोठे असाल. निधीला हात न लावता आधी प्रवेश पक्का करा.

अधिकाऱ्यांसाठी डीजीआरमार्फत आयआयएमसारख्या संस्थांत सहा महिन्यांचे व्यवस्थापन कोर्स चालतात आणि फीपैकी ६० टक्के सरकार भरतं. नाव मोठं असलं तरी तो एमबीए नाही. शॉर्ट सर्व्हिसवरून दहा-चौदा वर्षांनी बाहेर पडणाऱ्यांनी एक वर्षाच्या पूर्णवेळ एक्झिक्युटिव्ह कोर्सचाही विचार करावा. आयआयएमच्या प्रवेश परीक्षेला, म्हणजे कॅटला, वयाची मर्यादा नाही.

वर्गात बसल्यावर

पहिला महिना सगळ्यात कठीण. सोबतची मुलं एकवीस-बावीसची, शिकवणाऱ्या मॅडम आपल्यापेक्षा लहान. आत येताना मी पहिल्या दिवशी दारात थांबून "मे आय कम इन, मॅडम" असं इतक्या मोठ्याने म्हणालो की वर्ग गप्प झाला. पुढे त्याच मुलांनी मला पॉवरपॉइंट शिकवलं आणि क्षेत्रकार्याला गावात गेल्यावर सरपंचांशी बोलायला मला पुढे केलं.

मराठीचा सराव मुद्दाम करा. फौजेत सतरा वर्षं हिंदी बोललो, तीही पुष्कळदा रोमन लिपीत लिहिली. परीक्षेत तीन तास मराठी लिहिताना हात आखडतो आणि 'अभ्यास'च्या जागी 'प्रॅक्टिस', 'उपाय'च्या जागी 'बंदोबस्त' येतो. प्रवेशाआधी तीन महिने रोज दोन पानं लिहा, वर्तमानपत्राचा अग्रलेख वाचून त्यावर आपलं मत लिहिलं तरी पुरे. इंग्रजी माध्यमाचा कोर्स असेल तर हेच इंग्रजीत करा.

दुसरी अडचण मत मांडण्याची. आपल्याला आदेश ऐकायची सवय, तिथे "तुम्हाला काय वाटतं?" असं विचारतात. पुस्तकातलं उत्तर पाठ करून सांगू नका. बटालियनमध्ये पाहिलेलं उदाहरण द्या, गोपनीय गोष्टी वगळून. माझ्या पहिल्या चांगल्या गुणांचा निबंध सुट्टी नाकारली गेल्यावर जवानाच्या मनात काय होतं या विषयावर होता.

काम मिळवायला

सुरुवातीला लिहिलेला तो कागद आता काढा. 'हवालदार, एमटी' या दोन शब्दांतून कंपनीच्या माणसाला काही कळत नाही. '१८ अवजड वाहनं आणि २२ चालक यांचं दैनंदिन नियोजन, इंधनाचा हिशेब, डोंगरी भागात तीन वर्षं वाहतूक' असं लिहिलं की तो मान वर करून पाहतो. आकडे तुमच्या खऱ्या कामाचे घाला. रेजिमेंट, पदकं, पोस्टिंग शेवटी दोन ओळींत.

नोकरी बहुतेकांना क्षेत्रकार्यातून किंवा इंटर्नशिपमधूनच मिळते. म्हणून पहिल्या वर्षाच्या उन्हाळ्यात घरी शेतीला थांबू नका. ज्या गावात राहायचं ठरवलं त्याच्या जवळची जागा निवडा, दोन महिने पडेल ते काम करा आणि संपताना त्यांच्या लेटरहेडवर, तारखा आणि कामाचं स्वरूप लिहिलेलं पत्र मागून घ्या. मुलाखतीत पगार विचारला तर पेन्शनचा आकडा सांगू नका. "तुम्हाला तर पेन्शन आहे" म्हणून पगार कापणारे भेटतात. त्या पदाचा बाजारभाव काय आहे ते आधी विचारून जा आणि तोच मागा.